उत्तन : पाहुणे म्हणून जावे असे गाव

मे महिन्याची सुट्टी लागली की घराघरांत मोबाईलवर नॉर्वेची छायाचित्रे फिरू लागतात. उंच कड्यांमध्ये शिरलेला समुद्र, त्याच्या काठावर चार-पाच रंगीत घरे आणि एक छोटे चर्च. मुले विचारतात, “अब्बू, आपण इथे कधी जाणार?” नॉर्वेच्या तिकिटाचा आकडा ऐकून अब्बू गप्प बसतात. अशा वेळी आम्ही मीरा रोड, नया नगर आणि भाईंदरच्या वाचकांना एक गाव सुचवतो. भाईंदर पश्चिमेहून बस किंवा रिक्षा पकडा. मुर्धा, राई, मोर्वा ही गावे आणि मिठागरे मागे टाकली की डोंगरी येते, आणि पुढे उत्तन. समुद्र, टेकडी, होड्या, चर्च, सगळे तिथे आहे. बर्फ तेवढा नाही.

ईदच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे बासी ईदला, आपल्याकडची शेकडो कुटुंबे या किनाऱ्यावर जातात. पण वाळूवर चटई टाकून, बिर्याणी खाऊन परत येणे म्हणजे उत्तन पाहणे नव्हे. उत्तन, पाली, चौक या वस्त्या दर्यावर जगणाऱ्या कोळ्यांच्या आहेत. बहुतेक कुटुंबे ख्रिस्ती आहेत, आणि घरात, बाजारात, चर्चमध्येही मराठी बोलतात. “तुम्ही मुसलमान असून इतके चांगले मराठी कसे बोलता?” हा प्रश्न ज्यांनी आयुष्यभर ऐकला आहे, त्यांनी एखाद्या कोळीण मावशीशी दोन शब्द बोलून पाहावेत. तोच प्रश्न तिच्याही वाट्याला येत असतो.

गावातली खरी पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे वलांडी. बांबू उभे-आडवे बांधून केलेल्या या मांडवांवर बोंबील सुकत घालतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी दोरीवर टांगायची. ऊन आणि वारा बाकीचे काम करतात. गंमत अशी की नॉर्वेच्या उत्तरेला लोफोटेन बेटांवर कॉड मासाही असाच जोडीने, शेपट्या बांधून, लाकडी मांडवांवर टांगतात, तोही मिठाशिवाय. तिथले पर्यटक त्या मांडवांचे फोटो काढायला येतात. आपल्याकडचे लोक वलांडीजवळून जाताना नाकाला ओढणी लावतात आणि मुलांना मोठ्याने सांगतात, “चल, वास येतोय.” जिने पहाटेपासून उकिडवे बसून ते बोंबील टांगले, ती बाई चार हातांवर असते आणि तिला मराठी कळते, हिंदीही कळते. एखाद्या अवकाळी सरीने ते सगळे कुजून जाऊ शकते, हे तिच्या डोक्यात असते. वलांडीखाली मुलांना पकडापकडी खेळू देऊ नका. फोटो हवा असेल तर आधी विचारा. आपल्या घरातल्या बायकांचे फोटो कुणी न विचारता काढले तर आपल्याला कसे वाटेल?

बोंबील मिळतो तो डोल जाळ्यात. समुद्रात खांब ठोकून हे पिशवीसारखे जाळे बांधतात आणि भरती-ओहोटीच्या ओढीने मासळी आत येते. 1 जूनपासून पावसाळी मासेमारी बंदी असते, तेव्हा होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या दिसतात. खरेदीसाठी जायचे तर हिवाळा ते मे हा काळ बरा. सुका बोंबील, जवळा, करंदी, वाकटी घरून पिशवी नेऊन घ्या. मासळीला जबीहाची अट नाही, त्यामुळे हलालची काळजी नाही. (नॉर्वेत जनावराला आधी बेशुद्ध केल्याशिवाय कत्तल करायला कायद्याने मनाई आहे, त्यामुळे तिथे फिरणारी आपली माणसेही बहुधा मासळीवरच दिवस काढतात.) कोळंबीबाबत हनफी उलेमांत मतभेद आहेत, हे उत्तर प्रदेशातून आलेले शेजारी सांगतील. कोकणी शाफई घरांत तोवर जवळ्याचे कालवण संपलेले असते! आणि हो, उत्तन इतके जवळ आहे की नमाज कसर होत नाही, पूर्ण पढायची. वुजूचे पाणी बरोबर ठेवा.

चौकच्या टेकडीवर धारावी किल्ल्याचे अवशेष आहेत. 1534 मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने वसईचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. दोनशे वर्षांनंतर, 1739 च्या मोहिमेत, चिमाजी आप्पांच्या मराठ्यांनी आधी हे ठिकाण आणि मग मे महिन्यात वसई घेतली. इथून खाडीपलीकडे वसईचा किल्ला दिसतो. मुलांना इतिहासाचे हे पान इथे उभे राहून समजावणे सोपे जाते.

आता जरा कडू बोलतो. उत्तनला आपण वर्षातून एकदा जातो, पण आपल्या घरचा कचरा तिथे रोज जातो. मीरा-भाईंदर शहराचा कचरा उत्तनच्या धावगी डोंगरावर टाकला जातो. तिथे आगी लागतात, धूर गावावर येतो, आणि गावकरी वर्षानुवर्षे तक्रारी, आंदोलने करत आले आहेत. खाली दर्यात जाळ्यात मासळीबरोबर प्लास्टिक येते. म्हणजे ज्या हवेसाठी आपण तिथे जातो, ती आपणच बिघडवून ठेवली आहे.

नॉर्वेतल्या गायरांगेर गावात जेमतेम दोन-अडीचशे माणसे राहतात आणि पर्यटक येतात लाखो. 2005 मध्ये ती खाडी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. पुढे जहाजांचा धूर इतका वाढला की सरकारला नियम करावा लागला. 2026 पासून तिथे दहा हजार टनांखालची प्रवासी जहाजे प्रदूषण न करता चालली पाहिजेत, मोठ्या जहाजांना 2032 पर्यंत मुदत आहे. तिथे गावाची बाजू धरायला कायदा आला. धावगीचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. तो आपल्या वॉर्डातही विचारता येतो : ओला-सुका कचरा वेगळा केल्यावर तो पुढे एकाच गाडीत का मिसळतो? निवडणुकीत मते मागायला येणाऱ्याला आपल्या सोसायटीने हे विचारावे.

जाणार असाल तर सकाळी लवकर निघा. खडकांवर शेवाळ असते, भरतीची वेळ आधी पाहून घ्या आणि पावसाळ्यात मुलांना पाण्यात सोडूच नका. थर्माकोलची ताटे नेऊ नका, घरची स्टीलची न्या. उरलेले खाणे आणि कचरा त्याच पिशवीत घालून परत आणा. आणि सुके बोंबील घेताना फार घासाघीस करू नका. मॉलमध्ये आपण करत नाही.