ई-मेल : आपली स्वतःची टपालपेटी

‘सर, ई-मेल आतां कोण पाहतो?’ असें आमच्या वर्गांतील एक विद्यार्थी गेल्या वर्षीं म्हणाला. पुढें एका शिष्यवृत्तीच्या मुलाखतीचें पत्र त्याच्या पेटींत नऊ दिवस न उघडतां पडून राहिलें, आणि मुलाखतीचा दिवस निघून गेला. मित्रांशीं त्याचें बोलणें मात्र त्या नऊ दिवसांत एकदांही थांबलें नव्हतें. ही गोष्ट आमच्या मनास लागली, म्हणून हा लेख.

ई-मेल हें साधन वयानें थोर आहे. अमेरिकेंतील रे टॉमलिन्सन या अभियंत्यानें १९७१ सालीं आर्पानेट नामक जाळ्यावरून शेजारच्या संगणकास पत्र धाडलें, आणि मनुष्याचें नांव व संगणकाचें नांव यांच्यामध्यें ‘ॲट’ हें चिन्ह घातलें. आजही तेंच चालतें. आपण पत्र धाडलें म्हणजे आपल्याकडील सर्व्हर त्या चिन्हापुढील नांव पाहून पलीकडचा सर्व्हर शोधतो व पत्र त्याच्या स्वाधीन करितो. तो बंद असल्यास पत्र टाकून न देतां पुन्हां पुन्हां यत्न करितो. या देवघेवीचे नियम १९८२ सालीं प्रसिद्ध झाले. ते कोणा एका कंपनीच्या मालकीचे नाहींत. म्हणूनच जीमेलचें पत्र याहूच्या पेटींत बिनतक्रार पडतें. जसें मुंबईस टाकलेलें पत्र लंडनचा पोस्टमन घरीं पोंचवितो.

समाजमाध्यमांचें तसें नाहीं. तेथें वाडाही मालकाचा आणि दारही मालकाचें. ऑर्कुट २००४ सालीं निघालें, आपल्याकडील तरुणांत लोकप्रिय झालें आणि ३० सप्टेंबर २०१४ रोजीं बंद पडलें. तेथें जमलेल्या मित्रांचा मेळा जसाच्या तसा दुसरीकडे नेतां आला नाहीं. शिवाय अशा माध्यमाचा परवलीचा शब्द आपण विसरलों, तर नवा ठरविण्याची सूचना पुष्कळदां ई-मेलवरच येते!

समाजमाध्यमें टाकून द्यावीं, असें आमचें म्हणणें नाहीं. आजीची खुशाली विचारण्यास तीं फारच सोईचीं. ई-मेलमध्येंही फसवीं पत्रें येतात. अनोळखी दुवा उघडूं नये, हें खरेंच. परंतु अर्ज, प्रवेश, पावती, नेमणूक अशा, वर्षांनंतरही शोधाव्या लागणाऱ्या गोष्टींस ई-मेलच बरा. पालकांनीं मुलांस स्वच्छ नांवाचा एक पत्ता करून द्यावा व तो बदलूं देऊं नये. मुलांनीं तो रोज एकदां पाहावा.

आमच्या त्या विद्यार्थ्यानें यंदां पुन्हां अर्ज केला आहे. आतां शाळेस निघण्यापूर्वीं तो आपली पेटी उघडून पाहतो.