पत्र्याचे छप्पर आणि त्याची गळती

बेळगाव, खानापूर, चंदगड हा घाटमाथ्याचा पट्टा असो वा घाट उतरल्यावर लागणारा गोव्याचा मुलूख असो, मृगाच्या सरी कोसळू लागल्या की खाली दुकान व वर बिऱ्हाड अशा आपल्या पेठांतील जुन्या घरांतून एकच प्रश्न ऐकू येतो: यंदा कोठे गळते? गळतीखाली बादली ठेवून रात्र जागविणे हे गृहिणीच्या वाट्यास येते. पण सकाळी दुकान उघडल्यावर कापडाचे तागे, साखरेची पोती किंवा जुन्या वह्यांचे गठ्ठे भिजलेले दिसले, म्हणजे त्या थेंबाची खरी किंमत मालकास कळते. आपल्या सभासदांपैकी कित्येकजण स्वतः लोखंड व पत्र्याचे व्यापारी आहेत, आणि उरलेल्यांपैकी पुष्कळांच्या डोक्यावर पत्र्याचे छप्पर आहे. म्हणून हा विषय या स्मरणिकेत थोडा विस्ताराने मांडावा असे आम्हांस वाटले.

नालीदार पत्र्याचे पेटंट १८२९ साली लंडनमधील गोद्यांचे अभियंते हेन्री पामर यांनी घेतले, आणि लोखंडावर जस्ताचा मुलामा देण्याच्या रीतीचे पेटंट १८३७ साली फ्रान्सच्या स्तानिस्लास सोरेल यांनी घेतले. या दोन कल्पनांचा संयोग म्हणजे आपला जस्ती पत्रा. आपल्या भागात मात्र दीर्घकाळ राज्य होते ते मंगळुरी कौलांचे. बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरास कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ती कौले सर्व किनाऱ्यावर व घाटावर पसरली. ती घरांवरून उतरू लागली त्यास महागाई व कुशल गवंड्यांची उणीव ही कारणे आहेतच. पण घाटालगतच्या गावांत कोणासही विचारावे, तो प्रथम माकडांचे नाव घेईल. याखेरीज सिमेंटचा स्लॅब गळू लागला म्हणून गच्चीवर लोखंडी सांगाडा उभारून त्यावर पत्रे घालण्याची चाल आता घरोघर पडली आहे. गळतीवर उपाय म्हणून घातलेले हे छप्परच गळू लागले, तर गृहस्थाने करावे तरी काय?

प्रथम एक गोष्ट ध्यानी घ्यावी. पत्रा स्वतः क्वचितच गळतो. गंजून चाळण झालेल्या फार जुन्या पत्र्याची गोष्ट निराळी. एरवी पाणी आत येते ते माणसाने पाडलेल्या भोकातून, दोन पत्र्यांच्या जोडातून, अथवा पत्रा जेथे भिंतीस, आढ्यास वा धुराड्यास मिळतो त्या सांध्यातून. याचे मूळ धातूच्या स्वभावात आहे. उन्हाळी दुपारी पत्रा साठ अंशांपर्यंत तापतो आणि वळवाची एक सर येताच काही क्षणांत पंचवीस अंशांच्या आसपास उतरतो. पोलादाचा ६ मीटर लांबीचा पत्रा ४० अंशांच्या फरकाने सुमारे ३ मिलिमीटर लांबतो वा आखडतो. ॲल्युमिनियमचा असेल तर याच्या जवळजवळ दुप्पट. ही ओढाताण वर्षानुवर्षे, रोज चाललेली असते. ती सोसतो तो स्क्रू व त्याखालचे रबरी वॉशर. स्क्रू सैल होतो, भोक लांबट होते, वॉशर उन्हाने कडक होऊन चिरते. भिंतीच्या सांध्यावर थापलेला सिमेंटचा गिलावा तर एक-दोन पावसाळ्यांतच सुटतो, कारण भिंत जागची हलत नाही आणि पत्रा हलल्यावाचून राहत नाही.

आता गळतीचा शोध. येथे बहुतेकांची चूक होते ती अशी की, आत जेथे थेंब पडतो त्याच्या बरोबर वर ते भोक शोधतात. पाणी पत्र्याच्या पोटास चिकटून उताराने खाली वाहते, आडव्या परलीनशी अडते, तिच्या कडेने सरकते आणि मग कोठेतरी ठिबकते. म्हणून थेंबाच्या जागेपासून आढ्याच्या दिशेने, वरवर शोधीत जावे. दिवसा भर उन्हात माळ्याची दारे-खिडक्या बंद करून वर पाहिल्यास बारीक भोकेदेखील ताऱ्यांसारखी चमकतात. त्या प्रत्येकाभोवती खडूने खूण करावी आणि जवळच्या भिंतीपासूनचे अंतर मोजून कागदावर टिपावे, म्हणजे वर चढल्यावर तीच जागा सापडते. परलीनवर उमटलेले गंजाचे ओघळ व भिंतीवरचे पिवळे डागही पाण्याची वाट सांगतात.

एवढ्याने भागले नाही तर कोरड्या दिवशी नळीने पाणी सोडून पाहावे. एकाने वर राहावे व एकाने आत. पाणी सोडण्यास वळचणीपासून आरंभ करावा आणि थोडे थोडे आढ्याकडे सरकावे. प्रत्येक ठिकाणी निदान दहा मिनिटे थांबावे. वरून आरंभ केला तर पाणी सगळ्या जोडांवरून वाहते आणि दोषी जोड कोणता हे कळत नाही. या कामी उतावळेपणा कामाचा नाही.

आमच्या परिचयातील एका घरी लागोपाठ तीन वर्षे मे महिन्यात छपरावर डांबर ओतले गेले, आणि लागोपाठ तीन वर्षे आषाढात माळ्यावरील माल भिजला. चौथ्या वर्षी नळीने पाणी सोडले तेव्हा उघड झाले की छपराच्या मध्यभागी दोष काहीच नव्हता. जिन्याच्या खोलीच्या भिंतीलगतची पट्टी सुटली होती आणि तेथून शिरलेले पाणी परलीनवरून बारा-तेरा फूट चालत येत होते. डांबराविषयी आमचे मत स्पष्ट आहे. ते उन्हात भेगाळते, त्या भेगांत पाणी कोंडते आणि त्याखाली पत्रा गंजत राहतो, तो डोळ्यांस न दिसता. शिवाय पुढे जो कोणी दुरुस्तीस येईल त्यास ते खरवडण्यातच दिवस घालवावा लागतो. गवंडी व पत्रेवाले ते सुचवितात, कारण ते स्वस्त आहे आणि एक पावसाळा बहुधा निभावून जातो.

खरी दुरुस्ती फारशी अवघड नाही. सैल झालेला स्क्रू काढून त्याच भोकात किंचित जाड स्क्रू नव्या वॉशरसह बसवावा. वॉशर धातूच्या टोपीबाहेर किंचित फुगलेले दिसावे, इतपतच आवळावे. यंत्राच्या जोरात चेपून टाकलेले वॉशर पहिल्याच उन्हाळ्यात फाटते. नालीदार पत्र्यात स्क्रू वा हुक बोल्ट उंचवट्यावर असावा, नालीत नव्हे, कारण पाणी नालीतून वाहते. जुने भोक नालीतच असेल तर ते त्याच धातूच्या तुकड्याने झाकावे. तुकडा भोकाच्या चहूबाजूंस तीन इंच तरी पुढे असावा, खाली ब्युटाइल पट्टी असावी, कडा रिव्हेटने धराव्या. गंज चढला असल्यास तारेच्या ब्रशने उजळ धातू दिसेपर्यंत घासून जस्तयुक्त प्राइमर लावावा आणि मग रंग. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन जस्तास खाते, सबब ते पत्र्यावर वापरू नये; विकत घेताना न्यूट्रल प्रकारचे मागावे. भिंतीलगतची पट्टी भिंतीत खाच पाडून आत बसवावी आणि तिची खालची कड पत्र्यावर मोकळी सोडावी, म्हणजे पत्रा हलला तरी सांधा तुटत नाही.

कधी कधी थंडीच्या दिवसांत, आभाळ निरभ्र असताना, पहाटे छपरातून थेंब पडतात आणि घरचे लोक चक्रावतात. ती गळती नव्हे. रात्री पत्रा थंड होतो आणि स्वयंपाकघरातील वाफ वा माणसांच्या श्वासातील बाष्प त्याच्या पोटावर दवासारखे साचते. तेथे लाख स्क्रू बदलले तरी उपयोग नाही; आढ्याशी हवा खेळती ठेवावी किंवा पत्र्याखाली उष्णतारोधक थर द्यावा.

दुरुस्तीपेक्षा मूळ काम नीट होणे केव्हाही स्वस्त. आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिमेकडून व नैर्ऋत्येकडून येतो. म्हणून पत्रे घालण्यास पूर्वेच्या टोकापासून आरंभ करावा, म्हणजे प्रत्येक आडव्या जोडात वर आलेली कड वाऱ्याकडे पाठ करून राहते. कामगारास जेथून शिडी लावणे सोयीचे तेथून तो सुरुवात करतो. मालकाने या एका गोष्टीपुरते तरी जातीने उभे राहावे. आडवा जोड दीड ते दोन नाल्यांचा घ्यावा, खालचा-वरचा जोड सहा इंचांहून कमी नसावा, आणि उतार जितका कमी तितका हा जोड मोठा. गच्चीवरील शेडला उंची वाचविण्यासाठी नावापुरता उतार देतात. पावसात वारा ते पाणी उलटे ढकलून जोडात घालतो.

पन्हळीकडे तर कोणी पाहतच नाही. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. १०० चौरस मीटरच्या छपरावर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला तर ५,००० लिटर पाणी त्या पन्हळीतून जावयाचे असते. तीत पिंपळाची पाने वा एखादे घरटे अडकलेले असले की पाणी मागे फुगते व पत्र्याच्या कडेखालून भिंतीत उतरते. दोष मात्र पत्र्यावर येतो.

आता थोडे व्यापाऱ्यांविषयी, कारण हा आपला प्रांत आहे. गिऱ्हाईक जाडी विचारते आणि आपण जाडी सांगतो. पण ती जाडी नुसत्या पोलादाची की त्यावरील जस्त व रंग धरून, हे सांगितले जात नाही. जस्ताचा भार तर फारच थोडे लोक विचारतात. दोन्ही बाजू मिळून प्रत्येक चौरस मीटरवर २७५ ग्रॅम जस्त असलेल्या पत्र्यावर एका बाजूस सुमारे २० मायक्रॉनचा थर असतो. १२० ग्रॅमच्या पत्र्यावर त्याच्या निम्म्याहूनही कमी. मुलाम्याचे आयुष्य साधारणतः त्याच्या जाडीच्या प्रमाणात असते. दोन्ही पत्रे दुकानात सारखेच चकाकतात. फरक आठ-दहा वर्षांनी दिसतो, आणि खाऱ्या हवेमुळे गोव्याच्या किनाऱ्यावर त्याहून पुष्कळ आधी. जाडी कशी मोजली व मुलामा किती ग्रॅमचा, हे दोन्ही बिलावर लिहून देण्याची प्रथा आपल्या सभासदांनी पाडावी अशी आमची सूचना आहे. यात विक्री थोडी घटेल असे काहीजण म्हणतील. घटो; पण छप्पर गळल्यावर तेच गिऱ्हाईक पुन्हा दुकानाची पायरी चढेल किंवा नाही, हाही हिशेब करावा.

गोदामातील पत्र्यांविषयीही एक शब्द. एकावर एक चिकटून रचलेल्या पत्र्यांत पावसाचे पाणी शिरले आणि हवा लागली नाही, तर त्यांवर पांढरा गंज चढतो. नवा कोरा माल विकण्यापूर्वीच मुलाम्यास मुकतो. थप्पी जमिनीपासून उंचावर, किंचित उतरती ठेवावी आणि भिजलेले पत्रे त्याच दिवशी सुटे करून वाळवावेत.

२०२४ साली केंद्र सरकारने घरांवरील सौरवीजसंचांसाठी योजना सुरू केली, तेव्हापासून पुष्कळ घरांवर संच बसले. संच बसविणाऱ्याचे लक्ष विजेकडे असते, पाण्याकडे नव्हे. प्रत्येक संचामागे छपरास नवी भोके पडतात. ती उंचवट्यावर व परलीनशी बांधलेली आहेत, आणि प्रत्येकाखाली वॉशर आहे, हे पैसे चुकते करण्याआधी वर माणूस पाठवून पाहावे.

आणि ज्यास वर पाठवावयाचे त्याच्या जिवाची काळजी मालकाने घेतली पाहिजे. उजेडासाठी मध्ये घातलेले प्लॅस्टिकचे पारदर्शक पत्रे उन्हाने ठिसूळ होतात, आणि त्यांवर पाय पडून माणसे खाली कोसळतात. ते पत्रे कोणते हे चढणाऱ्यास आधी दाखवावे, त्याने स्क्रूंच्या ओळीवरून, म्हणजे परलीनच्या वरूनच चालावे, कमरेस दोर बांधावा, आणि छपरास लागून जाणाऱ्या विजेच्या तारांचा प्रवाह बंद करावा. ओल्या पत्र्यावर कोणासही चढवू नये, मग आत गळती कितीही जोरात असो. तेवढ्यापुरती बादली पुरे आहे आणि माल बाजूस सारता येतो.

छपराची पाहणी वर्षातून दोनदा करावी, अक्षय्य तृतीयेच्या सुमारास एकदा आणि दसऱ्यानंतर एकदा. दुसरी वेळ अधिक महत्त्वाची, कारण पावसाळ्याचे ओघळ तेव्हा ताजे असतात आणि दुरुस्तीस पुढे आठ कोरडे महिने मिळतात. नवे छप्पर घालताना त्याच मालातील दोन जादा पत्रे व मूठभर स्क्रू घेऊन ठेवावेत. दहा वर्षांनी त्याच नालीचा पत्रा बाजारात मिळेलच असे नाही, आणि नाली जुळली नाही तर जोड बसत नाही. ते दोन पत्रे माळ्यावर कोरड्या जागी, भिंतीस टेकवून उभे ठेवावेत.