चऱ्होलीत सदनिका भाड्याने देताना
१९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत समाविष्ट झालेल्या चऱ्होली बुद्रुकमध्ये भोसरी-चाकणच्या नोकरदारांच्या भरवशावर सदनिका घेणारा नवखा मालक आधी भाडे किती मिळेल हे विचारतो (जागा रिकामी राहिली तरी कर्जाचा हप्ता थांबत नाही, हे नंतर लक्षात येते). खरा प्रश्न मात्र कराराचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत करण्याची जबाबदारी मालकाचीच असून, तो तसा नसल्यास अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. ‘लिव्ह अँड लायसन्स’, म्हणजे भाडेहक्क निर्माण न करता ठरावीक मुदतीपुरती दिलेली वापराची परवानगी, संपल्यावरही जागा न सोडणाऱ्याकडून कलम २४ अन्वये दुप्पट दराने भरपाई मागता येते. बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दल सहकारी गृहनिर्माण संस्था घेते ती रक्कम, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक आकारता येत नाही.