घोंगडीचा संग्रह कोण करणार?

बर्लिनच्या संग्रहालयात लोकरीचा एक जुना गालिचा आहे. पंधराव्या शतकात अनातोलियात विणलेल्या या गालिच्यावर ड्रॅगन आणि फिनिक्स पक्षी यांची झुंज आहे. १८८६ मध्ये विल्हेल्म फॉन बोडे या कलापंडिताने तो विकत घेतला. अशा गालिच्यांसाठी आजही जगभरचे संग्राहक थैल्या मोकळ्या करतात.

नांदेड-लातूरच्या माणसाला हा छंद परका वाटेल. लोकर मात्र परकी नाही. धनगराने दख्खनी मेंढीची काळी लोकर कातरावी, स्त्रियांनी सूत कातावे, सणगराने चिंचोक्याची खळ लावून खड्ड्याच्या मागावर घोंगडी विणावी, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतून ती घरोघरी येई. तिच्यावर ड्रॅगन नाही; काठाच्या रेघा एवढाच तिचा अलंकार. राखणदाराला ती पावसात छत्र, थंडीत पांघरूण आणि देवकार्यात आसन.

परंतु गिरणीच्या स्वस्त ब्लँकेटांनी तिचा बाजार हिरावला. मेंढी आता मुख्यतः मांसासाठी पाळली जाते. अनेक ठिकाणी लोकरीतून कातरणीची मजुरीही सुटत नाही. घरातली जुनी घोंगडी विरली की टाकली जाते.

बर्लिनचा गालिचा टिकला, कारण कोणीतरी त्याचे मोल वेळीच ओळखले. येथील एखाद्या महाविद्यालयाने पाच-पंचवीस जुन्या घोंगड्या जमवून विणकराचे नाव, गाव आणि लोकरीचा प्रकार नोंदवला, तर त्यास फारसा खर्च येणार नाही. मात्र हे काम विणणारे हात आहेत तोवरच होण्यासारखे आहे. ते हात गेल्यावर संग्रहात उरेल ते केवळ कापड.