अर्ध्या मिलिसेकंदाची खरेदी

1962 साली इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून एमजीबी ही उघडी स्पोर्ट्स कार बाहेर पडली. तिचं 1798 सीसीचं इंजिन 95 हॉर्सपॉवर द्यायचं, पण ती पुरती मिळायची 5400 आरपीएमला. या आकड्याच्या पोटात शिरलं की चक्रावायला होतं. 5400 आरपीएम म्हणजे क्रँकशाफ्टचे सेकंदाला 90 फेरे. कॅमशाफ्ट फिरतो त्याच्या निम्म्या वेगाने, सेकंदाला 45 फेरे. दर फेऱ्याला कॅमचा अंडाकृती लोब इनलेट व्हॉल्व्हला सव्वानऊ मिलिमीटरच्या आसपास ढकलतो आणि पुन्हा मिटू देतो. या साऱ्या उघडझापीला वेळ किती? पावणेआठ मिलिसेकंद. तेवढ्यात साडेचारशे सीसीचं सिलिंडर हवा-पेट्रोलने भरलं पाहिजे. आणि हे ठरवतो एक लोखंडी दांडा, ज्याला ना मेंदू, ना सेन्सर. त्याच्या लोबांचा आकार हीच त्याची अक्कल.

हा दांडा असतो खाली, ब्लॉकमध्ये. व्हॉल्व्ह असतात वर, हेडमध्ये. मधला निरोप टॅपेट, पुशरॉड आणि रॉकर एकमेकांच्या हाती देत वर पोचवतात. एरवी कॅमपर्यंत हात पोचवणं जिकिरीचं, म्हणून जुन्या गाडीचं इंजिन पूर्ण खोललं की हौशी मालकाच्या मनात हटकून येतं, आता उघडलंच आहे, तर जरा ‘गरम’, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा कॅम टाकू या का?

आपल्याकडेही या इंजिनाची भावंडं चिक्कार धावली. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं हे बी-सिरीज घराणं. आपल्या ॲम्बेसेडरचं 1489 सीसीचं पेट्रोल इंजिन त्यातलंच, आणि 1955 च्या एमजीए या स्पोर्ट्स कारचंही. बोअर तोच, स्ट्रोक तोच. तरीही ॲम्बेसेडरची ताकद पन्नासच्या आसपास, तर एमजीएची सुरुवातीलाच 68 हॉर्सपॉवर. फरक बहुतेक सगळा इंजिनाच्या श्वासोच्छ्वासात. टॅक्सी स्टँडवर झोपा काढणारं इंजिन आणि शर्यतीची स्वप्नं बघणारं इंजिन एकाच रक्ताचं असावं, याची मला अजून मौज वाटते.

आता एमजीबीचं मूळ टायमिंग बघा. पुस्तकात ते क्रँकच्या फेऱ्याच्या अंशांत, चार आकड्यांनी दिलेलं असतं: 16, 56, 51, 21. पिस्टन वरच्या टोकाला पोचायच्या 16 अंश आधीच इनलेट व्हॉल्व्ह उघडू लागतो. पिस्टन तळाला जाऊन परत वर निघाला, तरी पुढचे 56 अंश तो उघडाच. एक्झॉस्ट तळाच्या 51 अंश आधी उघडतो आणि वरच्या टोकानंतर 21 अंशांनी मिटतो.

शाळेत शिकलेल्या चार स्ट्रोकच्या आकृतीत हे बसत नाही. पिस्टन वर येतोय आणि आत येण्याचं दार उघडं, मग भरलेलं मिश्रण परत बाहेर नाही का जाणार? जोराच्या आरपीएमला नाही जात. हवेलाही वजन असतं, आणि एकदा वेगात निघालेली हवा पिस्टनने दिशा बदलली म्हणून थबकत नाही. दादरला लोकलच्या डब्यात शिरणाऱ्या गर्दीसारखी ती मागच्यांच्या रेट्यावर आत घुसतच राहते. वरच्या टोकालाही अशीच गंमत. तिथे 16 आणि 21 मिळून 37 अंश दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असतात. याला म्हणतात ओव्हरलॅप. बाहेर धावणारा जळका वायू मागे कमी दाब सोडून जातो आणि तो दाब ताज्या मिश्रणाला आत ओढतो. पिस्टनने खाली खेचायच्या आधीच सिलिंडरने श्वास घ्यायला सुरुवात केलेली असते!

मूळ कॅम इनलेट 252 अंश उघडा ठेवतो. रस्त्यावरच्या गाडीसाठी लोक साधारण 270 अंशांचा घेतात. जास्तीचे 18 अंश 5400 आरपीएमला किती वेळ देतात? जेमतेम अर्धा मिलिसेकंद. त्यासाठी माणसं पैसे मोजतात, आणि तो फरक गाडी चालवताना खरोखर जाणवतो.

फुकट मात्र काहीच नाही. अशा कॅमचा ओव्हरलॅप 54 अंशांच्या घरात जातो, 300 अंशांच्या कॅमचा ऐंशीच्या वर. कमी आरपीएमला हवेत तो रेटा नसतो. मग जळका वायू उलटा इनलेटमध्ये शिरतो, भरलेलं मिश्रण परत ढकललं जातं, कॉम्प्रेशन प्रत्यक्षात घटतं. आयडलिंगला गाडी लंगडते, सिग्नलवरून निघताना पिकअप नसतो. ही घट भरून काढायला हेडला फेसिंग मारून कॉम्प्रेशन वाढवावं लागतं. म्हणजे कॅम बदलून ताकद आकाशातून पडत नाही. खालच्या आरपीएमची थोडी काढून वर नेऊन ठेवली जाते, आणि वर बेरीज वाढते. रोज चालवायच्या गाडीत 300 चा कॅम घालणारा बहुधा ताकद नव्हे, तो ढुक-ढुक आवाज विकत घेतो. होंडाने 1989 मध्ये व्हीटेक इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन प्रकारचे लोब देऊन, चालत्या गाडीत एकावरून दुसऱ्यावर जायची सोय केली. जुन्या इंजिनाला तशी पळवाट नाही. निवड एकदाच, इंजिन बांधताना.

बसवण्याचं काम तर निव्वळ नजाकतीचं. चेनच्या चाकांवरच्या खुणा जुळल्या म्हणजे टायमिंग जुळलं, असं नसतं. कारण कॅमवरची एका अंशाची चूक क्रँकवर दोन अंशांची होते. म्हणून क्रँकच्या टोकाला 360 अंशांची तबकडी लावतात, पुशरॉडवर डायल गेज टेकवतात, आणि इनलेट नेमका कुठे पूर्ण उघडतो ते शोधतात. एमजीबीच्या मूळ कॅमचं गणित वरच्या टोकानंतर 110 अंशांचं. चूक निघाली तर किंचित तिरकी घडवलेली चावी घालून ती दुरुस्त करतात. लिफ्ट जास्त असेल तर व्हॉल्व्ह पिस्टनला धडकेल का, हे बघायला पिस्टनवर प्लॅस्टिसिन चिकटवून इंजिन हाताने फिरवतात आणि उमटलेल्या ठशाची जाडी मोजतात.

सगळ्यात थक्क करतो तो मात्र टॅपेट. त्याचा तळ सपाट दिसतो, पण असतो अगदी किंचित फुगीर. लोबही किंचित निमुळता. त्यामुळे लोब त्याला नुसता उचलत नाही, दर वेळी थोडा फिरवतोही, आणि घासणं एका जागी न होता सगळ्या तळावर वाटलं जातं. जुना टॅपेट नव्या कॅमवर घालायचा नाही तो याचसाठी. त्याचा तळ आधीच्या लोबाशी झिजून जुळलेला असतो. नव्या जोडीला मॉलिब्डेनमची पेस्ट चोपडतात, आणि जस्त-फॉस्फरसयुक्त तेल घालतात. आजच्या बऱ्याच तेलांत हे घटक कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ नये म्हणून कमी केलेले असतात, म्हणून डबा पारखून घ्यावा लागतो. इंजिन पहिल्यांदा चालू झालं की आयडलिंगला सोडायचं नाही. वीसेक मिनिटं दोन-अडीच हजार आरपीएमला ठेवायचं, कारण लोबांवर तेल उडतं ते फिरत्या क्रँकवरून. नंतर रॉकर कव्हर काढून इंजिन सावकाश चालवलं की पुशरॉड वर-खाली होता होता स्वतःभोवती गिरक्या घेताना दिसतात. आठांतला एखादा नुसताच वर-खाली होत असेल, तर इंजिन तिथेच बंद करून पुन्हा खोलायचं. त्याचा लोब खरवडायला लागलेला असतो.