देहरंग आटल्यावर

एप्रिल सरत आला की जुन्या पनवेलमध्ये दोन प्रश्न हटकून विचारले जातात. आज पाणी किती वाजता येणार? आणि देहरंगमध्ये किती उरले? पहिला प्रश्न पटेल मोहल्ल्यातल्या, कच्छी मोहल्ल्यातल्या, टपाल नाक्याच्या चाळींतल्या बायाबापड्यांचा असतो. दुसरा विचारणारे कमी, पण पहिल्याचे उत्तर दुसऱ्यात दडलेले असते. आणि दोन्हींच्या मागे एक तिसरा प्रश्न आहे, तो सहसा कोणी विचारत नाही: या पाण्याचे पैसे कोण भरते?

आधी पाण्याचा माग काढू. मालडुंगेजवळ गाढी नदीवरचे देहरंग धरण 1964 चे आहे, पनवेल नगरपालिकेने स्वतःसाठी बांधलेले. 1852 पासूनची ही नगरपालिका राज्यातल्या सर्वांत जुन्यांपैकी एक. एका लहान नगरपालिकेने स्वतःचे धरण बांधावे ही त्या काळात मोठीच हिंमत होती. धरणाची क्षमता सुमारे साडेतीन दशलक्ष घनमीटर, म्हणजे साडेतीनशे कोटी लिटर. त्यातून रोज 1 कोटी 60 लाख लिटर उचलले तर ते सात महिने पुरते. पाऊस ऑक्टोबरच्या सुरुवातीला परततो. तिथून सात महिने बोटावर मोजा, मे उजाडतो. त्यातून उन्हाने उडणारे पाणी वजा करा, साठ वर्षांत तळाशी बसलेला गाळ वजा करा. मग एप्रिलमध्येच चेहरे का उतरतात ते कळते. शिवाय जुन्या शहराची आजची गरज रोज तीन कोटी लिटरांच्या आसपास आहे. देहरंग तुडुंब भरलेले असतानाही ते निम्मीच तहान भागवते.

उरलेले पाणी विकत घ्यावे लागते: महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडून, एमआयडीसीकडून, सिडकोकडून. प्राधिकरणाचे पाणी पाताळगंगेचे. ही नदी उन्हाळ्यातही वाहते याचे कारण मात्र निसर्ग नव्हे. लोणावळ्याच्या बाजूच्या टाटांच्या तलावांतले पाणी घाटावरून नळांतून खाली येते, खोपोलीच्या वीजकेंद्रात जनित्रे फिरवते आणि मग पाताळगंगेत सोडले जाते. हे केंद्र 1915 पासून चालू आहे. म्हणजे मुंबईच्या विजेसाठी शंभर वर्षांपूर्वी केलेल्या योजनेचे उतरलेले पाणी आपण पितो. वीजकेंद्रातून पाणी कमी सुटले की नदी उतरते आणि त्याची झळ पनवेलच्या नळाला लागते. वायाळ येथे उचललेले हे पाणी भोकरपाड्याला शुद्ध होऊन पुढे पनवेलकडे, सिडकोच्या वसाहतींकडे आणि थेट जेएनपीटी बंदरापर्यंत जाते. ही न्हावा-शेवा योजना. तिची जुनी जलवाहिनी किती वेळा फुटते आणि दुरुस्तीसाठी किती वेळा दिवस-दिवस पाणी बंद राहते, हे पनवेलकरांना नव्याने सांगायला नको.

1 ऑक्टोबर 2016 रोजी पनवेल महानगरपालिका झाली. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल, तळोजा आणि 29 गावे एका छताखाली आली. 2011 च्या जनगणनेनुसार या भागात पाच लाखांवर माणसे होती. आज ती कितीतरी जास्त आहेत. महापालिका एक झाली, पाणी मात्र एक झाले नाही. जुन्या शहराला पालिका पाणी देते, वसाहतींना सिडको. सिडकोचे पाणी कुठे पेणच्या हेटवण्याचे, कुठे प्राधिकरणाचे, तर कामोठे-खारघरकडे काही नवी मुंबईच्या मोरबे धरणाचे. हे मोरबे नवी मुंबई महापालिकेने 2002 मध्ये प्राधिकरणाकडून विकत घेतले. त्या वेळी पुष्कळांना तो खर्च डोईजड वाटला होता. आज तिथले रहिवासी पाण्यासाठी नाममात्र पैसे मोजतात आणि शेजारचे पनवेल दर उन्हाळ्यात हात पसरते. पेण तालुक्यातल्याच बाळगंगा धरणाचे काम मात्र पुनर्वसनाचा प्रश्न आणि गैरव्यवहाराच्या चौकशा यांत वर्षानुवर्षे अडकले. ज्यांची गावे पाण्याखाली जाणार त्यांना न्याय न देता शहराची तहान भागवायला निघाले की असेच होते.

पैसा येतो कुठून?

केंद्र सरकारची अमृत 2.0 योजना 1 ऑक्टोबर 2021 रोजी सुरू झाली. एक ते दहा लाख लोकवस्तीच्या शहराला तीत प्रकल्पखर्चाचा एक तृतीयांश वाटा केंद्राकडून मिळतो. बाकीचे राज्याने आणि शहराने उभे करायचे. पनवेल याच गटातले. बातमीत कोटींचा आकडा छापून येतो, तेव्हा त्यातला मोठा भाग आपल्याच खिशातून जायचा असतो हे सांगितले जात नाही. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची: असा निधी नवे बांधण्यासाठी असतो. पंपाचे वीजबिल, व्हॉल्व्ह बदलणे, क्लोरीन, चावी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याचा पगार हे सगळे पाणीपट्टीतून आणि करातून भागवायचे. आणि करांचे पनवेलमध्ये काय झाले ते घरोघरी माहीत आहे. सिडकोला सेवाशुल्क दिले, आता पालिकेला मागील तारखेपासून मालमत्ता कर का द्यावा, म्हणून वसाहतींतले रहिवासी रस्त्यावर आले, न्यायालयात गेले. त्यांचा सवाल चुकीचा म्हणता येत नाही. पण त्या वादात तिजोरीची वर्षे गेली हेही खरे.

कर्ज काढावे तर त्यालाही वाटा आहेत. पुणे महापालिकेने जून 2017 मध्ये चोवीस तास पाण्याच्या योजनेसाठी 200 कोटींचे कर्जरोखे काढले, व्याज 7.59 टक्के. मोठा गाजावाजा झाला. मग कामाची निविदाच रद्द झाली आणि व्याजाने आणलेली रक्कम काही काळ बँकेत ठेव म्हणून पडून राहिली. पैसा नसणे ही अडचण असतेच, पण पैसा हाताशी असून काम तयार नसणे ही त्याहून वाईट.

व्याजाचा विषय निघाला म्हणून आपल्या वाचकांना एक माहिती द्यावीशी वाटते. मलेशियाने 2006 मध्ये जलमत्तेसाठी एक सरकारी कंपनी स्थापन केली. ती सुकूक काढून पैसा उभा करते, त्यातून धरणे, शुद्धीकरण केंद्रे, जलवाहिन्या बांधते आणि राज्यांच्या पाणीसंस्थांना भाड्याने देते. गुंतवणूकदाराला व्याज नव्हे, तर मत्तेच्या व्यवहारातून आलेला वाटा मिळतो. भारताच्या कायद्यात आज याला सोपी वाट नाही. पण बिनव्याजी पैशावर पाण्याची नळयोजना चालत नाही असे जे म्हणतात, त्यांनी क्वालालंपूरकडे एकदा पाहावे.

आपल्या इतिहासातही पाणी आणि पैसा यांची सांगड नवी नाही. मदिन्यात रूमा विहिरीचा मालक पाणी विकत असे; हजरत उस्मान (रजि.) यांनी ती विहीर खरेदी करून सर्वांसाठी खुली केली. खलिफा हारून रशीद यांच्या पत्नी जुबैदा यांनी बाराशे वर्षांपूर्वी डोंगरांतून मक्केपर्यंत पाण्याची वाट काढली. दूर कशाला, आपल्या औरंगाबादेत मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला नहर-ए-अंबरी खोदली. डोंगराच्या पोटातले झिरपे गोळा करून जमिनीखालून शहरात आणायचे, ठिकठिकाणी उभ्या बंबांतून हवा आणि दाब मोकळा करायचा, पंप नाही, वीज नाही. 1744 च्या सुमाराची पाणचक्की तर त्याच तंत्राने दळणही दळत असे, आणि ते पीठ दर्ग्यातल्या फकिरांच्या आणि विद्यार्थ्यांच्या पोटात जाई.

हे सारे आपण अभिमानाने सांगतो. पण वक्फच्या फिकहमधला एक साधा नियम सांगायचा राहून जातो: वक्फच्या उत्पन्नातून सर्वांत आधी खर्च करायचा तो त्या वास्तूच्या दुरुस्तीवर, इतरांना वाटा नंतर. विहीर खोदणाऱ्याचे नाव दगडावर राहते, पण पाणी टिकते ते गाळ काढणाऱ्याच्या पगाराची सोय केलेली असेल तरच. महापालिकांच्या अंदाजपत्रकात बरोबर याच्या उलट चालते. नव्या टाकीचे भूमिपूजन होते, जुन्या नळाच्या गळतीचे होत नाही.

जमिनीखालची चोरी

भारतातल्या शहरांत शुद्ध केलेल्या पाण्यापैकी साधारण 35 ते 40 टक्के पाण्याचा हिशेब लागत नाही. काही गळते, काही चोरीला जाते, काही मीटर नसल्यामुळे मोजलेच जात नाही. सरकारी निकष 20 टक्क्यांच्या आत आणण्याचा आहे. जुन्या पनवेलच्या तीन कोटी लिटरांना देशाची ही सरासरी लावून पाहा. एक तृतीयांश धरले तरी रोज एक कोटी लिटर. माणशी शंभर लिटर म्हटले तर लाखभर लोकांचे पाणी. देहरंगमधून रोज येणाऱ्या पाण्याच्या निम्म्याहून जास्त! माझे मत विचाराल तर पनवेलचे पुढचे धरण रस्त्याखाली आहे, आणि त्यासाठी कोणाचे गाव उठवावे लागत नाही.

ते शोधायचे तंत्र आता गूढ राहिलेले नाही. शहराचे लहान लहान विभाग पाडायचे, प्रत्येक विभागाच्या तोंडाशी मोठा मीटर बसवायचा. रात्री दोन-तीनला सगळे झोपलेले असताना मीटर जोरात फिरत असेल तर पाणी कुठेतरी जमिनीत जात आहे हे उघड. मग कान लावायचा. मुंबई महापालिकेचे कर्मचारी वर्षानुवर्षे रात्री लोखंडी सळई जमिनीला टेकवून गळतीचा आवाज ऐकत आले. आता तेच काम आवाज टिपणारी यंत्रे करतात. दाब, पातळी, प्रवाह यांचे आकडे एका पडद्यावर दिसतात. पण पडदा पाहून रात्री खड्डा खणणारी टोळीच नसेल तर लाखोंची यंत्रणा भिंतीवरचे चित्र होऊन बसते. असे झालेली शहरे थोडी नाहीत.

कऱ्हाडजवळच्या मलकापूरसारख्या लहान गावाने प्लास्टिकचे न गंजणारे नळ, घराघरांत मीटर आणि वापर वाढेल तसा चढता दर यांच्या जोरावर चोवीस तास पाणी दिले. ओडिशातल्या पुरीत 2021 पासून थेट नळाचे पाणी पिता येते. तिथे मीटरची नोंद घेणे, बिल पोहोचवणे, पाणी तपासणे ही कामे बचतगटांच्या महिला करतात. कंबोडियाच्या नॉम पेन्ह शहरात 1993 साली 72 टक्के पाणी बेपत्ता होत असे. एक सोन चान या अधिकाऱ्याने मीटर बसवायला सुरुवात केली ती बड्यांच्या घरांपासून. एका लष्करी अधिकाऱ्याने त्यांच्यावर पिस्तूल रोखले, तरी ते मागे हटले नाहीत. काही वर्षांत गळती दहा टक्क्यांच्या खाली आली, गरिबांना जोडणीत सवलत मिळाली आणि चान यांना 2006 चा मॅगसेसे पुरस्कार.

मीटर म्हटले की आपल्याकडे लगेच ऐकू येते: पाणी अल्लाहची देणगी, ते विकणे कसे चालेल? पाण्यात सर्व माणसे भागीदार आहेत ही पैगंबर मुहम्मद (स.) यांची शिकवण आहेच. पण फुकहांनी फरक केला आहे. नदीचे, पावसाचे पाणी सर्वांचे. मात्र ते भरून, वाहून, साठवून आणले तर त्या कष्टाचा मोबदला घेता येतो. पखाल वाहणाऱ्या भिश्तीला पैसे देताना कोणी फतवा विचारला नव्हता. आणि मीटर नसल्याचा फायदा गरिबाला होतो हा तर निव्वळ भ्रम आहे. एकाच ठोक दरात खाली मोठी टाकी आणि नळाला टिल्लू पंप लावणारा इमारतवाला हजारो लिटर ओढून घेतो. चाळीच्या टोकाच्या घरात दोन कळश्या भरतात. त्या टिल्लू पंपाने नळात निर्वात झाले की शेजारच्या गटाराचे पाणी फुटक्या सांध्यातून आत शिरते, आणि मुलांची पोटे बिघडतात. मग वीस लिटरचा जार येतो, तीस-चाळीस रुपयांना. हजार लिटरला दीड-दोन हजार रुपये झाले. नळाच्या हजार लिटरला महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांत दहा-वीस रुपयेही पडत नाहीत. सर्वांत महाग पाणी कोण पिते, याचा हिशेब एवढाच आहे.

एक हिशेब मशिदीतही मांडता येईल. पैगंबर (स.) एका मुद्दमध्ये वुजू करीत, म्हणजे पाऊण लिटरहून कमी. वाहत्या नदीकाठीही उधळपट्टी नको अशी त्यांची ताकीद होती. आपल्या वुजूखान्यात नळ दोन मिनिटे मोकळा सोडला तर बारा लिटर सहज जातात. जुम्याला तीनशे नमाजी धरले तर साडेतीन हजार लिटर. दाबून धरायची तोटी बसवली, आणि वुजूचे पाणी वेगळ्या नळाने टाकीत घेऊन शौचालयासाठी किंवा अंगणातल्या झाडांसाठी वापरले तर गावातला प्लंबरही हे काम थोड्या दिवसांत करून देतो. मुतवल्ली साहेबांनी आधी नळावर एक मीटर बसवून महिनाभर आकडे फलकावर लिहावेत. बाकीचे नमाजी आपोआप विचारू लागतील.

महापालिकेचे अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास मांडले जाते. त्यात पाणीपुरवठ्याच्या पानावर दोन रकमा असतात: एक नव्या कामांची, दुसरी देखभाल-दुरुस्तीची. त्या शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. मग आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला, मोहल्ल्याच्या बैठकीत, सर्वांसमोर विचारावे की गेल्या वर्षी गळती शोधायला माणसे रात्री किती वेळा बाहेर पडली आणि देहरंगचा गाळ किती निघाला.