सकाळचा धूर खोऱ्यातच का अडकतो? भाजावळीआधी आपला वारा ओळखा

रत्नागिरी : थंडीच्या दिवसांत पहाटे चिपळूण, खेड किंवा संगमेश्वर तालुक्यातल्या एखाद्या खोऱ्यात बघा. न्हाणीच्या चुलीचा धूर माडाच्या उंचीएवढा वर जातो आणि मग आडवा पसरतो. ऊन वर येईपर्यंत तो तिथंच असतो. तीच चूल दुपारी पेटवली तर धूर कुठं गेला ते कळतसुद्धा नाही. चूल तीच, लाकडंही तीच, मग फरक कशाने पडतो?

याचं उत्तर आपल्या डोंगरात आणि वाऱ्यात आहे. आता भाजावळीचा हंगाम जवळ येतोय. घरात दम्याचं माणूस असेल किंवा शेताला लागून आंबा-काजूची बाग असेल, तर हे उत्तर माहीत असलेलं बरं.

एका बाजूला दर्या, दुसऱ्या बाजूला सह्याद्री

आपला जिल्हा म्हणजे समुद्र आणि सह्याद्री यांच्यामधली चिंचोळी पट्टी. समुद्रापासून घाटाच्या पायथ्यापर्यंत अंतर साधारण ५० ते ६० किलोमीटर. समुद्राकडची ती खलाटी आणि डोंगराकडची ती वलाटी. मधे कातळाचे सडे, आणि त्यांना कापत जाणारी जगबुडी, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी या नद्यांची खोरी.

दिवसा जमीन लवकर तापते, पाणी उशिरा तापतं. जमिनीवरची गरम हवा वर गेली की तिच्या जागी समुद्रावरची थंड हवा आत येते. हे खारे वारे. रात्री उलटं होतं. जमीन लवकर निवते आणि वारा डोंगराकडून दर्याकडे जातो. हे मतलई वारे. शिडाच्या होड्या होत्या तेव्हा मच्छीमार पहाटे मतलईवर बाहेर पडायचे आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परत यायचे.

थंडीत खारा वारा किनाऱ्यावर साधारण अकरा-बारानंतर जाणवायला लागतो. वलाटीत पोचेपर्यंत दुपार कलते आणि त्याचा जोरही कमी झालेला असतो. म्हणून गुहागर-जयगडकडची हवा लवकर मोकळी होते आणि घाटाच्या पायथ्याच्या वाड्यांत ती जास्त वेळ कोंडून राहते.

थंडीत हवेवर झाकण बसतं

एरवी जमिनीजवळ हवा गरम असते आणि वर जाल तशी थंड होत जाते. गरम हवा वर चढते, तिच्याबरोबर धूरही वर जाऊन विरतो. पण थंडीत आभाळ निरभ्र असतं, वारा पडलेला असतो, आणि रात्रीत जमीन चटकन निवते. तिला लागून असलेली हवा थंड आणि जड होते. ही जड हवा पाण्यासारखी उतारावरून खाली सरकते आणि खोऱ्यात साचते. तिच्या वर तुलनेने उबदार हवेचा थर असतो. तो झाकणाचं काम करतो. खालचा धूर, धूळ, गाडीचा वास, सगळं झाकणाखाली राहतं. त्यात दव आणि धुकं मिसळलं की महामार्गावर समोरची गाडी दिसत नाही.

म्हणूनच सड्यावरच्या वाडीत सकाळी हवा स्वच्छ असते आणि खालच्या वाडीत डोळे चुरचुरतात. लोटे-परशुरामसारख्या औद्योगिक वसाहतीच्या आसपास उग्र वास रात्री आणि पहाटे जास्त जाणवतो, त्यालाही वाऱ्याचं हेच गणित लागू आहे.

हंगाम बदलला की हवा बदलते

जून ते सप्टेंबर : नैऋत्येचा वारा ढग घेऊन येतो, ते सह्याद्रीला अडतात आणि वर चढून इथंच बरसतात. आपल्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. घाट ओलांडून साताऱ्याच्या माण तालुक्यात गेलात तर ५०० च्या आसपास. हा पाऊस हवेतली धूळ-धूर धुऊन काढतो, त्यामुळे वर्षातली सगळ्यात स्वच्छ हवा याच काळात.

ऑक्टोबर : वारा फिरतो, ऊन वाढतं, रस्त्यांवरची धूळ उडायला लागते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी : झाकणाचे दिवस. आंब्याच्या मोहोराला थंडी हवी असते, पण ढगाळ, दमट हवा आली की तुडतुडे आणि भुरी वाढते.

मार्चपासून पुढे : कधीकधी घाटावरून गरम, कोरडा पूर्वेचा वारा जोरात खाली येतो आणि खाऱ्या वाऱ्याला आत येऊच देत नाही. त्या दिवशी पारा एकदम चढतो. किनारपट्टीवर तापमान ३७ अंशांवर गेलं आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असलं, तर हवामान विभाग उष्णतेची लाट धरतो. अशा दिवशी कोवळी फळं गळतात, भाजतात. आणि याच दिवशी वणवा सगळ्यात वेगाने धावतो.

मग भाजावळ कधी करायची?

इथं खरा पेच आहे. पहाटे वारा नसतो, आग आटोक्यात राहते, म्हणून आपण पहाटेच पेटवतो. पण तो धूर झाकणाखाली अडकतो आणि अख्ख्या वाडीच्या छातीत जातो. दुपारी पेटवलं तर धूर निघून जातो, पण खारा वारा आगीला शेजारच्या बागेत नेतो. दहा-बारा वर्षं जपलेली कलमं तासाभरात जातात.

त्यातल्या त्यात बरी वेळ मधली. ऊन वर आलं, दव सुकलं, धूर आडवा न जाता सरळ वर जायला लागला की पेटवायचं आणि खारा वारा सुटायच्या आत विझवून मोकळं व्हायचं. संध्याकाळी तर नकोच, कारण तो धूर रात्रभर राहतो. चौफेर जाळरेषा काढा, पाणी आणि चार माणसं हाताशी ठेवा, शेजाऱ्याला आधी सांगा. निखारा विझल्याशिवाय जागा सोडू नका. पूर्वेचा गरम वारा असेल त्या दिवशी काडीच ओढू नका.

त्याहून चांगलं म्हणजे जाळणंच कमी करणं. भाताचं रोप गादीवाफ्यावर केलं तर दाढ भाजायची गरज उरत नाही. बागेतला पातेरा कलमांच्या बुंध्याभोवती, खोडाला न चिकटवता पसरला तर ओल टिकते आणि पुढे त्याचंच खत होतं. प्लास्टिक मात्र कुठल्याही वेळी जाळू नका.

मोबाइलवरचा आकडा

हवेचा निर्देशांक ५० पर्यंत चांगला, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, त्यापुढे खराब. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ‘समीर’ ॲप प्रत्यक्ष यंत्रावर मोजलेले आकडे दाखवतं, पण अशी यंत्रं मुख्यतः शहरांत आहेत. बाकीच्या हवामान ॲपवर तुमच्या गावाच्या नावाने दिसणारा आकडा बहुतेक वेळा अंदाज असतो. खोऱ्यातली एक वाडी आणि सड्यावरची दुसरी यांतला फरक त्याला कळत नाही.

तो फरक आपल्या डोळ्यांना कळतो. धूर आडवा पसरत असेल तर म्हाताऱ्या माणसांनी आणि दमेकऱ्यांनी फिरायला ऊन वर आल्यावर जावं, लहान मुलांना चुलीपासून लांब ठेवावं. दम लागत असेल तर थंडी बाधली म्हणून अंगावर काढू नका, आरोग्य केंद्रात दाखवा. आणि भाजावळीची तारीख वाडीने मिळून ठरवली, रोज थोडी थोडी जागा भाजली, तर सगळ्यांचा धूर एकाच दिवशी एकाच खोऱ्यात साचणार नाही.